तू गाळलेलं वाक्य

दादा,

तुला शेवटचं न्हाऊ घालायला पाणी कुठलं घ्यायचं, यावरून तुझ्या अंगणात जरा वाद झाला. तू ओसरीवर चादरीखाली होतास, म्हणून सांगते. सुहासने विहिरीतून कळशी काढली, बालदीत ओतली, आणि तुझा तो पन्नाशीचा मुलगा बालदीकडे बघतच राहिला. पाणी नेहमीसारखंच होतं, पातळ चहाच्या रंगाचं. "ह्या उदकान मास्तरांक न्हाणयतलो? धोतर तांबडें जातलें," शेजारचं कोणीतरी म्हणालं. नळाला पाणी संध्याकाळी येतं, तोवर थांबता येत नव्हतं. शेवटी स्वयंपाकघरातले प्यायच्या पाण्याचे दोन कॅन बाहेर आणले आणि त्या पाण्याने तुझं सगळं केलं. ओढ्याकाठच्या गावात जन्म काढलास आणि बाहेरून आणलेल्या पाण्याने न्हाऊन गेलास.

मी टॉवेल घेऊन दारात उभी होते. रडू येत होतंच, पण त्याच वेळी डोक्यात तुझी ती इंग्रजी शब्दांची, निळ्या पुठ्ठ्याची वही उघडत होती. मेलेल्या माणसाला न्हाऊ घालतात त्यालाही इंग्रजीत वॉशच म्हणतात. हा उपयोग तुझ्या पानावर नव्हता. तुझं काहीतरी राहून गेलेलं सापडलं की मला लहानपणी किती आनंद व्हायचा.

याला आज वीस दिवस झाले. गावात तुला देवमाणूस म्हणतात. बाजारात, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर, जो भेटतो तो हात जोडून सांगतो की मास्तरांसारखा माणूस होणे नाही. मी मान हलवते. तुझी सख्खी बहीण, तुझी बाय, तिने याशिवाय दुसरं काय करायचं. पण माझा तुझ्यावर राग आहे, दादा. तो तू होतास तेव्हाही होता आणि तू गेलास म्हणून एक तीळभरही कमी झालेला नाही.

वहीपासून सुरुवात करते, कारण तिथपर्यंत आपलं सगळं बरं होतं. बाबा गेले तेव्हा आपण पार्सेत होतो. तुला डिचोलीकडच्या या गावात मराठी शाळेवर मास्तरकी मिळाली म्हणून तू आईला आणि मला घेऊन इथे आलास. इथे आपली वावभर जमीन नव्हती. होतं ते भाड्याचं घर आणि तुझं मास्तर हे नाव. गोवा मुक्त झाला आणि बघता बघता पोर्तुगीज शिकलेली माणसं अडाणी ठरली. तुला तर तेही धड येत नव्हतं. मग तू म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलास आणि मिरच्यांच्या रांगेशेजारी बसलेल्या रद्दीवाल्याकडून एक फाटका इंग्रजी शब्दकोश घेऊन आलास. आईने मागितलेल्या खाऱ्या बांगड्यांचा तुला विसर पडला होता. दोन दिवस ती तुझ्याशी बोलली नाही.

तुझी पद्धत तुझीच होती. वहीचं एक पान, एक क्रियापद, आणि आठ दिवस घरात त्याचाच राबता. वॉशचे आठ दिवस मला अजून आठवतात. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आई राख आणि काथ्या घेऊन भांडी घासत होती, तू विचारलंस, "आई काय करते?" मी म्हटलं, घासते. तू म्हणालास, "इंग्रजीत वॉश." मी केस न्हाऊन आले, वॉश. तू धोतर आपटत होतास, वॉश. पाय, तांदूळ, खिडकीच्या काचा, सगळं वॉश. मी वैतागून म्हटलं की ही कसली दरिद्री भाषा, आपण घासतो, धुतो, न्हातो, विसळतो, खंगाळतो, पुसतो आणि यांच्याकडे एकच शब्द. तू एवढा हसलास की आई बाहेर आली. मग तू मला शेजारी बसवून पानाची खालची बाजू दाखवलीस. वॉश अवे म्हणजे पाण्याने वाहून नेणं. वॉश अशोर म्हणजे लाटेने किनाऱ्याला आणून टाकणं. एखाद्या गोष्टीशी आपला संबंध उरला नाही असं सांगायचं तर तिच्यापासून हात वॉश करतात, म्हणजे आपण काखा वर करतो तेच. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, एखादी सबब पटण्यासारखी नसेल तर साहेब म्हणतो, दॅट वोन्ट वॉश. "ही सबब चालायची नाही," तू म्हणालास. मला ते इतकं आवडलं की महिनाभर आईला मी तेच ऐकवत होते.

मला तू शिकवलंस. हे मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारत नाही. गावातल्या माझ्या वयाच्या मुली सातवीनंतर घरी बसल्या, कारण हायस्कूल लांब आणि वाट रानातली. मला तू म्हापशाला मावशीकडे ठेवलंस. दर सोमवारी पहाटेच्या बसने मला सोडायला यायचास आणि त्याच बसने परत फिरून शाळेची घंटा गाठायचास. मी बीए झाले तेव्हा गावात पेढे वाटायच्या ऐवजी तू मला वॉशचं पान नकलून दिलंस आणि म्हणालास, "यातला एकही उपयोग मला कुठल्या गोऱ्याने सांगितला नाही, मी शोधलाय." तेव्हा माझ्या लेखी तुझ्याएवढं मोठं माणूस जगात नव्हतं.

आणि मग ते पत्र आलं.

डोंगरावर खाण होतीच. आता खनिज धुण्याचा कारखाना तिथेच येणार होता. लोक त्याला पुढे नुसतं वॉशिंग म्हणायला लागले. कोण कुठे कामाला आहे विचारलं की उत्तर यायचं, "वॉशिंगार आसा." कंपनीचं पत्र इंग्रजीत होतं, दोन पानी, टाईप केलेलं. गावाची संमती हवी होती. बदल्यात गावाला सात खोल्यांचं हायस्कूल बांधून मिळणार होतं. पत्र गावकाराच्या घरी आलं. गावकार म्हणजे गावाचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालण्याचा, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलण्याचा, हक्क त्यांच्या घराण्याचा. त्यांच्याच मुलाशी माझं लग्न ठरलेलं होतं. त्यांनी पत्र न उघडता तुझ्याकडे पाठवलं, कारण इंग्रजी कागद मास्तरांनी देवळात वाचायचा आणि मास्तर सांगतील तो अर्थ, हा गावाचा रिवाज तूच पाडला होतास.

आदल्या दुपारी तू मला भाषांतर तपासायला दिलंस. इथे मी थांबते, दादा. तू ते मला द्यायला नको होतंस. तुला गुपचूप करायचं होतं तर एकट्याने करायचं. पण तुला माझ्याकडून 'बरोबर' अशी खूण हवी होती, तशी सवय होती तुला. मी पहिलं पान तपासलं. अक्षर न् अक्षर नीट होतं. डोंगरावर खनिज धुतलं जाईल, ओढ्याचं पाणी घेतलं जाईल, धुतल्यावरचा चिखल तळ्यात बांध घालून अडवला जाईल, हायस्कूल बांधलं जाईल. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं, त्याचं भाषांतरच नव्हतं. पावसाळ्यात तळं भरून वाहिल्यास पाणी आणि गाळ ओढ्यावाटे खाली सोडला जाईल आणि खालच्या जमिनींच्या नुकसानीबद्दल गाव कसलीही मागणी करणार नाही. एवढंच वाक्य.

मी म्हटलं, दादा, हे राहिलं.

तू खिडकीतून बाहेर बघत म्हणालास, "राहिलां न्हय, बाय. मुद्दाम सोडलां." मग माझ्याकडे वळून, अगदी शाळेत समजावतात तसं सांगितलंस. "हें वाचलें तर गाव नाका म्हणतलो. मगे तुज्यामागच्यो चलयो सातवी जावन घरांत बसतल्यो. पावसांत थोडें पाणी येतलां आनी वतलां. भात पाण्यांतच वाडता."

तुला शेती कुठे माहीत होती. तुलाही नाही आणि मलाही नाही. आपण भाड्याच्या घरात वाढलो.

दुसऱ्या दिवशी रवळनाथाच्या देवळात गाव जमला. मी बायकांत खांबाला टेकून बसले होते. तू नेहमीसारखं वाचलंस, आधी इंग्रजी वाक्य, मग मराठी. लोकांना ते इंग्रजी ऐकायला फार आवडायचं, कळत काही नव्हतं तरी. ओळीखाली बोट धरून वाचायची तुझी सवय. पहिलं पान झालं, दुसरं उलटलंस, आणि तुझं बोट दोन ओळी खाली सरकलं. मला ते बोट दिसलं. मग तू एकदाच मान वर करून बायकांच्या बाजूला पाहिलंस. मी मूग गिळून बसले.

का, हे मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ज्याने अक्षर ओळखायला शिकवलं त्याला भर देवळात खोटं पाडणं मला जमलं नाही. ते खरंही आहे. पण त्या सात खोल्यांत इंग्रजीला एक बाई लागणार आहे, हेही मला माहीत होतं.

"मास्तर सांगतात म्हणजे तें बरोबरच आसतलें," माझे होणारे सासरे म्हणाले, आणि त्यांनी नारळ मागवला. हे तुझ्याही ध्यानात नव्हतं, मला वाटतं. तुला वाटलं होतं की अंगठे आणि सह्या होतील आणि कागद जाईल. पण गावाने शब्द द्यायचा तर तो देवाला सांगून द्यायचा, ही इथली रीत. त्यांनी नारळ देवापुढे ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं की गाव एकमुखाने कबूल आहे, यातून माघार नाही, माघार घेईल त्याचं तू बघ. प्रत्येक वाक्याला सगळे म्हणत होते, "व्हय म्हाराजा." तू म्हणालास. मीही म्हणाले.

हायस्कूल झालं. मी तिथे रुजू झाले, लग्न होऊन गावकाराच्या घरी गेले. तिसऱ्या पावसाळ्यात तळं फुटलं. फुटलं म्हणजे पत्रात म्हटल्याप्रमाणे भरून वाहिलं. सकाळी पाऊस उघडला तेव्हा सासरे दारातून शेताकडे बघत होते आणि शेत दिसत नव्हतं. बांध, वायंगणी भाताचे कुणगे, सगळ्यावर तांबडी राबडी, गुडघ्याएवढी. ऊन पडल्यावर ती सुकून कौलासारखी झाली. पुढल्या वर्षी नांगर लावला तर बैल बसले. आमचं शेत ओढ्याच्या अगदी तोंडाशी, म्हणून सगळ्यात आधी आमचंच गेलं आणि मग एकेक करून खालची बारा घरांची.

गाव कंपनीच्या कचेरीत गेला. तिथल्या साहेबाने दुसरं पान काढून दाखवलं, त्यावर सह्या आणि अंगठे. त्याने इंग्रजीत काय वाचून दाखवलं ते कोणाला कळलं नाही. तुला बोलावलं होतं, पण तुला त्या दिवशी परीक्षेचं काम निघालं. काही जण म्हणाले कोर्टात जाऊ. सासऱ्यांनी अडवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. देवापुढे शब्द दिलाय, माघार नाही म्हटलंय. "देवान आमची परीक्षा घेतल्या. नारळ दवरून फाटीं सरल्यार शेत नाच, घरय वतलां." माघार घेतली तर शेतामागून घरही जाईल, ही त्यांची भीती. ते गावकार. त्यांच्या शब्दाबाहेर कोण जाणार? जगातल्या दुसऱ्या कुठल्या गावाने असली चूक केली नसती, पण आमच्या गावाने केली. अर्ध्याच पत्रावर नारळ ठेवला आणि पुऱ्या पत्राला बांधून घेतलं.

तू एक वाक्य बोलला असतास तर सासरे त्या शब्दातून सुटले असते. नारळ ज्याच्यावर ठेवला ते पत्रच पुरं वाचलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. सासऱ्यांनी तुला दोन शिव्या दिल्या असत्या आणि देवाला दुसरं गाऱ्हाणं घातलं असतं. मी तुला हे पहिल्यांदा म्हटलं ते आमच्याच घरी, तू चतुर्थीला आला होतास तेव्हा. सासूबाई शेजारी नेवऱ्या तळत होत्या, म्हणून आपण इंग्रजीत भांडलो. पुढे कायमच आपण इंग्रजीत भांडलो. घरच्यांना वाटायचं मास्तर आणि बाय शाळेचं बोलतात. तू म्हणालास की तू काही लपवलं नाहीस, तू सारांश सांगितलास. मी म्हटलं, दॅट वोन्ट वॉश, दादा. तुझा चेहरा उजळला. "अजून लक्षात आहे तुझ्या," म्हणालास, आणि सासूबाईंकडे वळून नेवरी मागितलीस. तुझ्या तोंडावर तुझंच वाक्य मारलं तर तू त्याला शाबासकी दिलीस. त्या दिवशी मला तुझा जेवढा राग आला तेवढा गाळाचाही आला नव्हता.

मग मी का नाही सांगितलं? विचार, दादा, तुझा हक्क आहे. पहिल्या वर्षी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या वर्षी सांगता येईना. सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं की मला तेव्हाच ठाऊक होतं. ज्या माणसाच्या ताटात मी वाढत होते, त्याचं शेत कोणत्या वाक्याने गेलं ते मी वाचलं होतं. शाळा सुटल्यावर मी घरी यायची तेव्हा हे, माझे यजमान, अंगणात फावडं घेऊन बसलेले असायचे. शेत नसलेल्या शेतकऱ्याला करायला काही नसतं, म्हणून ते फावड्याची धार काढत. मी चहा करून द्यायची. तीस वर्षं मी त्या सात खोल्यांत वॉश शिकवलं, तुझं पान फळ्यावर जसंच्या तसं उतरवून. एके वर्षी आठवीतल्या एका मुलीने वाक्य लिहिलं, माझे वडील खनिज वॉश करतात आणि माझी आई वडिलांचे कपडे वॉश करते. व्याकरणात चूक नव्हती. मी बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

सासरे त्या शेताकडे बघत गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की आपल्या हातून देवाचं काही चुकलं असेल. खाण बंद पडली, वॉशिंगचा सांगाडा डोंगरावर गंजत उभा राहिला, गाळ तिथेच. गेल्या वर्षी खालच्या घरांतली शिकलीसवरलेली मुलं अर्ज घेऊन आली, गाळ काढून द्यावा असा. यंत्र आत न्यायला वाट आमच्या शेतातूनच आहे, तेव्हा यांची सही पहिली हवी. यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. "बापायन नारळ दवरला," एवढंच म्हणाले. बारा घरं त्या सहीसाठी खोळंबलीत. तो अर्ज ट्रंकेत गेला तेव्हा मी ठरवलं की आता तुझ्याकडून वदवून घ्यायचंच.

तेवढ्यात तुला झटका आला आणि अर्धं अंग गेलं. रोज दुपारी मी येत होते, आठवतं? सुहासची बायको म्हणायची, आत्याबाईंसारखी बहीण मिळायला नशीब लागतं. मी तुझं अंग पुसायची, पेज भरवायची आणि विचारायची, दादा, एकदा सांग ना यांना, मी बोलावून आणते. तुझं बोलणं समजायला कठीण झालं होतं, पण हो-नाही तुला जमत होतं. एका दुपारी मी वही काढली आणि वॉशचं पान वाचायला लागले. प्रत्येक उपयोगाला तू मान हलवलीस, डोळ्यांत पाणी आणून. मला वाटलं आता. तळाच्या बारीक ओळीवर आले, ती वाचली आणि म्हटलं, "सांगशील?" तू तोंड भिंतीकडे केलंस. मग चांगल्या हाताने पाणी मागितलंस. मी पाणी दिलं. चार दिवसांनी तू गेलास.

तू गेल्यावर मी वहीचं पान न् पान चाळलं. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, कव्हरच्या घडीत, सगळीकडे बघितलं. वाटलं कुठेतरी दोन ओळी असतील. काही नाही. सुंदर अक्षर, सरळ समास, लाल शाईने अधोरेखित शब्द. तुला लिहायचं नव्हतंच. मी त्या दिवशी तुझ्यासाठी जेवढी रडले तेवढी तू गेलास त्या दिवशी रडले नव्हते.

गेल्या रविवारी शाळेने शोकसभा ठेवली. तुझा फोटो, झेंडूचा हार, खुर्च्यांची रांग. आत्ताचे हेडमास्तर म्हणाले की मास्तरांनी गावात ज्ञानगंगा आणली. मी पहिल्या रांगेत बसले होते, हे माझ्या शेजारी. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी पिशवीतून कागद काढला, सगळ्यांना वाटलं भाषण लिहून आणलंय. मी म्हटलं की मास्तरांनी मला वाचायला शिकवलं, म्हणून त्यांचं एक राहिलेलं वाचन मी पुरं करते. आणि दुसऱ्या पानावरचं ते वाक्य, पाठ होतं म्हणून कागदावर उतरवून नेलेलं, मी वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, तुझ्यासारखं. सांगितलं की देवळात नारळ ठेवला त्या दिवशी हे वाचलं गेलं नाही. मास्तरांनी मुद्दाम वाचलं नाही. आणि ते वाचलेलं नाही हे मला तिथे बसल्या बसल्या ठाऊक होतं.

हेडमास्तर चहावाल्याला खुणा करायला लागले. मागच्या रांगेतून आमच्या बांधाशेजारची म्हातारी, तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने म्हणाली, "परत वाच गो बाय, माका आयकूक ना." मी परत वाचलं. तेव्हा मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी येताना हे पुढे चालत होते. एरवी ओढ्यावरच्या साकवावर माझ्यासाठी थांबतात, माझे गुडघे दुखतात म्हणून. थांबले नाहीत. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात ताट-वाटीचाच आवाज. पन्नास वर्षांच्या संसारात ते मला एक शब्दही टाकून बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. मला वाटत होतं बोलावं. काल सकाळी त्यांनी न्हाऊन धुवट धोतर नेसलं, ट्रंक उघडली, अर्ज खिशात घातला आणि नारळ घेतला. दारातून न वळता म्हणाले, "तूंय चल."

देवळात बारा घरांची माणसं होती. त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी बायकांत जाऊन खांबाला टेकले, त्याच खांबाला, दादा. दुसरीकडे जागा होती, पण पाय तिथेच गेले. बापाच्या मागे गावकार हेच. यांनी नारळ ठेवला आणि हात जोडले. आवाज सुरुवातीला फुटेना, मग लागला.

"देवा रवळनाथा म्हाराजा. ह्याच जाग्यार माज्या बापायन तुजेमुखार नारळ दवरलो."

"व्हय म्हाराजा."

"तेका अर्दो कागद वाचून दाखयलो. अर्द्या कागदार दिलो तो शब्द. तो नारळ तूं परत घे आनी माज्या बापायक मोकळो कर."

"व्हय म्हाराजा."

मला वाटलं संपलं. त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"ज्याणें तें वाक्य लपयलें, तो आतां तुजे कडेन पावला. आनी जी तें जाणून उगी बसली, ती हांगाच उबी आसा. दोगांकय तूं वळखता, म्हाराजा. दोगांचें काय तें तूं बघ."

वळून कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, ती एक दया. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले. मग सगळ्यांचा आवाज थांबल्यावर मी एकटीने ते पुन्हा एकदा म्हटलं. यांनी मान वळवून बघितलं. त्यांना वाटलं असेल म्हातारपणी चुकतं माणूस. तुला म्हणून सांगते, पहिलं माझं होतं. दुसरं तुझं होतं, तू शेवटपर्यंत ही कबुली दिली नाहीस म्हणून.

तुझी,
बाय